गोरे गेले, पास्कलभाऊ राहिले

देवळालीला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, “काय काकू, सोनं किती आणलंत?” आता यांना काय सांगू! एक तर मी महिनाभर राहिले ती दुबई नव्हे, शारजा. दुबईचं सोनं बघायला गेले होते खरी. काचेला नाक लावून भरपूर बघितलं, लेकीने भाव सांगितला, आम्ही दिरहमचे मोठ्याने रुपये केले आणि दोघी मुकाट्याने समोर शावरमा खायला गेलो. तेव्हा सोन्याचं विचारू नका. मी आणली आहे ती पास्कलभाऊंची हकिकत. तिच्यात माझं थोडं हसं झालंय, म्हणून दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते.

अल मजाज

माझी लेक माधवी शारजात अल मजाज म्हणून भाग आहे तिथे राहते. खाडीच्या कडेने नुसते टॉवर. तिचं घर अकराव्या मजल्यावर. खिडकीतून पाणी दिसतं, पण खिडकी उघडायची नाही, एसी बाहेर जातो. गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, इमारतीची शोभा जाते. शेजारच्यांचं दार वाजवायचं नाही, आधी फोन करायचा. मी म्हटलं, अगं मग दिवसभर करायचं काय? तर नात ईशा म्हणाली, “आजी, जस्ट रिलॅक्स.” ही पोरगी माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. मी तिला मराठीत रागावते, ती मला इंग्रजीत समजावते, असं आमचं छान चालतं.

जावई विलासराव जहाजांना तेल पुरवणाऱ्या कंपनीत. आठवड्यातले तीन-चार दिवस त्यांचं काम फुजैराच्या बंदरावर असतं, म्हणजे डोंगर ओलांडून पार पलीकडच्या किनाऱ्याला. तिथून येताना एका गुरुवारी ते आपल्याबरोबर एक पाहुणा घेऊन आले. साठीचा गडी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना चापून तेल, हातात केळीच्या पानात बांधलेलं पुडकं.

“हे पास्कलभाऊ,” विलासराव म्हणाले. “आपल्या वसईचे. फुजैराला एका अरबाकडे स्वयंपाक करतात. उद्या शुक्रवार, इथली सुट्टी, त्यांना इथल्या चर्चला जायचंय.”

पुडक्यात फुगे होते. फुगे म्हणजे वसईच्या ख्रिस्ती लोकांचे तळलेले गोल पाव, आत पोकळ. मी म्हटलं, “अहो, हे नाताळात करतात ना? जानेवारी संपत आला की.”

“काय करणार बाय,” पास्कलभाऊ म्हणाले, “आमचा नाताळ मालकाच्या, अबू सालेमच्या सोयीनं येतो.”

या एका वाक्यावरून मी ओळखलं की माणूस बोलायला चांगला आहे. मग काय, चहाची किटली मध्ये ठेवून बसलो. तासाभरात मला सगळं कळलं. (माधवीच्या मते मी माहिती काढते. मी काढत नाही, लोक आपण होऊन देतात.)

पास्कलभाऊ विशी-बाविशीत मुंबईच्या एका ठेकेदाराबरोबर शारजाला आले. तेव्हा इथे इंग्रजांचा लष्करी तळ होता. गोऱ्यांच्या मेसमध्ये ते आधी बटाटे सोलायला होते, मग आचारी झाले. पुढे गोऱ्यांनी गाशा गुंडाळला, मेस बंद पडली. बरोबरचे सगळे गावी परतले. पास्कलभाऊंना मात्र तिथल्याच एका शिपायाने ठेवून घेतलं. तोच अबू सालेम, आता फुजैराला खजुराच्या बागेत राहणारा. मधल्या सुट्ट्यांत पास्कलभाऊंचं लग्न झालं, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. बायको रेजिना वसईला घर आणि केळीची वाडी सांभाळत एकटी.

“मार्चमध्ये व्हिसा संपतोय,” ते म्हणाले. “रेजिना म्हणते, या वेळी नाही आलात तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. मलाही जायचंय हो. पण अबू सालेमला सांगू कसं? तीस वर्षं त्याचं मीठ खाल्लं. बायको वारली त्याची. साखरेचा आजार आहे आणि लपवून खजूर खातो. मी गेलो तर हा महिन्याभरात आडवा होईल.”

“मग त्यालाच विचारा की.”

“दर वर्षी ठरवतो. दर वर्षी तो व्हिसाचे कागद आणून पुढ्यात ठेवतो, मी सही करतो.” मग जरा घुटमळून म्हणाले, “बाय, पुढच्या गुरुवारी तुम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला येणार आहात. तुम्ही वडीलधाऱ्या. तुम्ही शब्द टाकाल?”

आता मला कुणी वडीलधारी म्हटलं की मी विरघळते. मी म्हटलं, टाकते.

माधवी स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, तू त्यात पडू नकोस हं!” पण तोवर मी पडले होते.

रस्ता, जो आधी विमानाचा होता

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर पास्कलभाऊंनी मला त्यांचं जुनं शारजा दाखवायला नेलं. गावाच्या मधोमध एक रुंद, सरळसोट रस्ता आहे. दोन्ही बाजूंना बँका, कापडाची दुकानं, पाकिस्तान्यांची हॉटेलं. मी म्हटलं, इतका सरळ रस्ता काढला कसा यांनी?

“काढला नाही. होताच,” ते म्हणाले. “ही विमानांची धावपट्टी. इथे तुम्ही उभ्या आहात ना, इथे उभं राहिलात तर त्या वेळी गोऱ्यांनी गोळी घातली असती.”

मी पटकन फूटपाथवर चढले. ते हसत सुटले.

तळाचं आता काही उरलं नाही म्हणा. त्यांनी बोट दाखवून दाखवून सांगितलं, इथे बराकी, इथे सिनेमा, इथे आमची मेस. मला तिथे मोबाइलचं दुकान आणि एक न्हावी दिसत होता. पण ते असे सांगत होते की मला भाजलेल्या पावाचा वास यायला लागला.

मी विचारलं, “गोरे गेले तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?”

“वाईट वाटलं. नोकरी गेली ना.”

“आणि गेले ते बरं झालं असं नाही वाटलं?”

“बाय, तेही वाटलं. मेसचा सार्जंट मला नावानं कधी हाक मारत नसे, ‘कुक’ म्हणे. तो गेला त्या दिवशी मी मेसच्या मागे जाऊन एकटाच नाचलो. मग आठवलं, पगार कोण देणार?”

मला एकदम आमचे दादा आठवले. माझे वडील. आमची देवळाली म्हणजे छावणीचं गाव. दादा शिंपी, गोऱ्या सोल्जरांच्या खाकी चड्ड्या शिवायचे. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी लहान होते, पण मला पक्कं आठवतं, मायदेशी जायला निघालेले गोरे बोटीची वाट बघत आमच्याकडे तळ ठोकून होते. रोज थोडे थोडे कमी व्हायचे. सगळं गाव आनंदात आणि दादा मशीनपुढे तोंड पाडून. आई म्हणाली, “देश सुटलाय आणि तुम्ही चड्ड्यांसाठी सुतक धरून बसलाय!” दादा म्हणाले, “देश सुटला त्याचा आनंदच आहे. पण पोरांना आनंद वाढू का ताटात?” पुढे आपलेच जवान आले. चड्ड्या त्याच, कमरेचं माप तेवढं कमी झालं. दादांचं कापड वाचायला लागलं.

हे सांगितलं तर पास्कलभाऊ म्हणाले, “म्हणजे तुमच्या वडलांचं आणि माझं एकच. जावेत असं वाटायचं, पण आज नको.”

मला वाटतं, सैन्य परत नेण्यावर एवढ्या चर्चा होतात, त्यात शिंप्याला आणि आचाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं.

फुजैराकडे

गुरुवारी निघालो. इकडे शारजातून बाहेर पडलं की तांबूस वाळू, त्यात उंट असे चाललेले की जणू कामावरून सुटलेत. मग एकदम डोंगर सुरू होतात. आपल्या सह्याद्रीसारखे नव्हेत हो. यांच्या अंगावर गवताची काडी नाही. सगळे दगड भाजून काढल्यासारखे. ईशाला म्हटलं, बघ गं किती सुंदर, तर ती म्हणाली, “आजी, देअर इज नथिंग देअर.” तेच तर सुंदर होतं.

वाटेत मसाफीचा बाजार लागला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गालिचे, कुंड्या, फळं. एका पठाणाकडे डाळिंबं बघितली. तो म्हणाला वीस दिरहम. मी मोठ्याने म्हटलं, “बाई गं, दोनशे साठ रुपये! नाशिकला पोतं येईल.” त्याला मराठी काय कळणार, पण माझ्या चेहऱ्याचा भाव कळला असावा. “अम्मा, पंधरा,” म्हणाला. मी दुसऱ्यांदा हिशेब केला. “यल्ला, बारह, खलास!” विलासराव म्हणाले, आईंना आमच्या कंपनीत घ्यायला पाहिजे.

अबू सालेमची बैठक

अबू सालेमचं घर गावाबाहेर, खजुराच्या बागेत. बागेत पाटाचं पाणी खेळवलेलं. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत शिरल्यावर येतो तसा गारवा आला. दारात अबू सालेम उभा. उंच, वाळकुडा, पांढरा पायघोळ, पांढरी दाढी आणि डोळे मोठे मिस्कील. त्या पिढीचे अरब मुंबईला व्यापाराला जाऊन-येऊन असत, म्हणून हिंदी चांगलं बोलतात. मला म्हणाला, “मरहबा, उम्म माधवी!” म्हणजे माधवीची आई. त्यांच्यात मुलाच्या नावानं हाक मारायची रीत. आमच्याकडेही सासूबाई मला नावाने हाक न मारता ‘माधवीची आई’ म्हणायच्या, त्यामुळे मला घरच्यासारखंच वाटलं.

खरं तर तिथे बायकांची बैठक वेगळी असते. पण त्याची सून शारजाला, घरात बाईमाणूस नाही, आणि एका वयानंतर बाईला सगळीकडे मुभा मिळते. मी सरळ गादीवर लोडाला टेकून बसले.

जेवण म्हणजे एक भली मोठी परात, त्यात भात, भातावर अख्खा मासा. सगळ्यांनी त्यातच खायचं. पहिला घास घेताच मी पास्कलभाऊंकडे बघितलं. त्यांनी डोळा मिचकावला. अरबी भातात वसईचा बाटली मसाला होता.

अबू सालेम म्हणाला, “गोरा लोग का कॅम्प बंद हुआ, तो सब सामान बेचा. मैंने एक फ्रिज लिया, एक पास्कल लिया. फ्रिज दो साल में मर गया.”

पास्कलभाऊ वाढता वाढता म्हणाले, “फ्रिज को तुमने आराम नहीं दिया, मेरे को भी नहीं दिया. मैं मरा नहीं, उसका मैं क्या करेगा?”

ही जोडी अशी. एकमेकांना टोचल्याशिवाय घास उतरत नाही.

पास्कलभाऊ हात धुवायला पाणी आणायला आत गेले, तेव्हा मी विषयाकडे जायला म्हणून विचारलं, “अबू सालेम, गोरे गेले ते बरं झालं की वाईट?” माधवीने माझ्याकडे रोखून बघितलं.

अबू सालेम मात्र खुलला. तो त्या वेळी गोऱ्या अफसरांच्या हाताखाली स्थानिक पलटणीत शिपाई होता. म्हणाला, सकाळी विचाराल तर सांगेन बरं झालं. आमचं निशाण आमचं झालं. शाळा आल्या, दवाखाना आला, माझा मुलगा अफसर आहे आणि तो कुठल्याही परक्याला सलाम ठोकत नाही. रात्री विचाराल तर दुसरं सांगेन. ते असेपर्यंत आमच्यावर डोळा ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. ते निघतात न निघतात तोच आमची समुद्रातली बेटं शेजारच्या देशाने बळकावली. आमच्या शेखांनी म्हणे सांगितलंही होतं, खर्च आम्ही देतो, पण थांबा. थांबले नाहीत.

“मग थांबायला हवं होतं?”

“नहीं. दूसरे का घर में कितना दिन रहेगा?” तो म्हणाला. “जाना गलत नहीं था, उम्म माधवी. जाने का तरीका गलत था.” आणि मग त्याचा आवाजच बदलला. “मेरे को कैसे मालूम पडा? रेडिओ से!” (त्याचं पुढचं मी मराठीतच सांगते.) “वाळवंटात चौकीवर होतो, मी आणि माझा कॅप्टन, एकच रेडिओ. बातमी लागली की सरकार फौजा परत नेणार. कॅप्टनच्या हातात चहा. त्यालाही तेव्हाच कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आणि तो म्हणाला, सॉरी. जसा काही माझ्या पायावर पाय पडला! इतकी वर्षं एका ताटात खाल्लं आणि जाण्याची खबर रेडिओने दिली. आणि खबर देऊनही जवळजवळ चार साल बसूनच राहिले. जातो म्हणून सांगितलेला पाहुणा बसून राहिला तर त्याचं काय करायचं? रोज कॉफी द्यायची?”

मी मनात म्हटलं, आता शब्द टाकावा. तेवढ्यात पास्कलभाऊ धूपदाणी घेऊन आले. निखाऱ्यावर उदाचं लाकूड, काय सुरेख धूर! मला वाटलं, आता खरा कार्यक्रम सुरू होतोय. आमच्याकडे धूप फिरला की आरती, आरती झाली की प्रसाद. मी दोन्ही हातांनी धूर तोंडावरून घेतला, पदरात घेतला, ईशाच्या केसांवर घातला आणि मांडी नीट घालून बसले. माधवी आणि विलासराव अर्धवट उठले होते. मी म्हटलं, “बसा गं, आत्ता तर सुरू झालंय.”

पास्कलभाऊ दुसऱ्यांदा धूपदाणी घेऊन माझ्यापुढे आले. मी पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा आले, डोळे मोठे करून. मी म्हटलं, “अहो पुरे, खोकला येईल.” अबू सालेमने शांतपणे नवी कॉफी मागवली.

आणि मी बोलले. “अबू सालेम, पास्कलभाऊंना या वेळी घरी जायचंय. बायको वाट बघते. तुम्ही आनंदाने सोडा.”

अबू सालेमने कप खाली ठेवला. “उसने तुमको बोला. मेरे को नहीं बोला,” तो हळू म्हणाला. मग दाराकडे वळला. “पास्कल! ये तू मेरे लिए रेडिओ लाया?”

रेडिओ म्हणजे मी. जन्मात इतकी शरम वाटली नव्हती. आणि त्याहून वाईट हे की पास्कलभाऊंचा चेहरा बघून मला कळलं, मी दोन मित्रांच्या मधली भिंतच पाडली होती, आणि ती कुणाच्या अंगावर पडणार हे अजून ठरायचं होतं.

“बोल,” अबू सालेम म्हणाला. “मेरे मुंह पे बोल.”

पास्कलभाऊ तशीच धूपदाणी धरून उभे. धूर त्यांच्याच डोळ्यांत जात होता. “मैं जाता हूं, अबू सालेम. मार्च में. कागज नहीं बनाने का.”

“इतना साल क्यों नहीं बोला?”

“तुम्हारा कौन है इधर? कौन देखेगा, शक्कर, दवाई?”

अबू सालेम कपाळाला हात लावून म्हणाला, “या अल्लाह! मैं समझा तेरा उधर कोई ठीक नहीं. बीवी बुलाती होगी तो आदमी जाएगा ना? ये बैठा है, मतलब घर में झगडा है. गरीब को कैसे निकालूं? इसलिए हर साल कागज बनाया. मेरा लडका तीन साल से बोलता है, बाबा, शारजा आओ, मेरे घर रहो. मैं तेरे लिए नहीं गया!”

“और मैं तुम्हारे लिए!” पास्कलभाऊ ओरडले.

विलासरावांनी तोंड रुमालात घातलं. मला हसावं की रडावं कळेना. दोघेही एकमेकांवर दया करत बसून राहिलेले, इतकी वर्षं!

मग घासाघीस सुरू झाली. अबू सालेम म्हणाला, एक वर्ष थांब. पास्कलभाऊ म्हणाले, एक महिना. खजूर पिकेपर्यंत? रेजिना मारेल. शेवटी दोघांनी माझ्याकडे बघितलं. आता रेडिओ झालेच होते, तर निकालही मीच दिला. “ईस्टरला घरी. बायकोचा सण आहे.”

“सण है?” अबू सालेम म्हणाला. “तो खलास.” आणि पास्कलभाऊंच्या हातून धूपदाणी काढून घेऊन बाजूला ठेवली आणि त्यांना हाताला धरून आपल्या शेजारी गादीवर बसवलं. पास्कलभाऊ अगदी टोकाला बसले, नव्या नवरीसारखे.

परतताना गाडीत ईशाने तोंड उघडलं. “आजी! व्हेन दे ब्रिंग द स्मोक, यू’र सपोज्ड टू लीव्ह!”

म्हणजे धूप फिरला की पाहुण्याने उठायचं असतं. आणि रेडिओचं प्रकरण आतून ऐकून पास्कलभाऊंचा धीर सुटला होता. मी बोलू नये म्हणून ते मला तीन-तीनदा घालवायला बघत होते. मी आपली पदर भरभरून धूर घेत बसले. चार साल बसलेल्या गोऱ्यांना नावं ठेवायला मला आता तोंड नाही.

देवळाली

ईस्टरनंतर मी वसईला फोन लावला. रेजिनाबाईंनी उचलला. आमची ओळख नव्हती, पण नाव सांगताच म्हणाल्या, “तुम्हीच का त्या! थँक्यू बोलू की भांडू तेच कळत नाही.”

“का गं बाय, आले ना ते?”

“आले. आल्या दिवसापासून माझ्या किचनमध्ये ठाण मांडून बसलेत. पहाटे उठून कॉफी. कांदा असाच चिरायचा, सुरी इथेच ठेवायची, दुपारची घंटा वाजल्यासारखं सगळ्यांनी वेळेवर बसायचं. घर आहे की मिलिटरी? शुक्रवारी अरबाचा फोन येतो, मुलाच्या घरून. फोन वाजला की हे उभे राहतात आणि औषध घेतलं का म्हणून त्यालाच ओरडतात. इतकी वर्षं माझं किचन माझं होतं हो.”

मी हसून म्हटलं, “मग सांगून टाक ना त्यांना, माझं किचन सोडा म्हणून.”

रेजिनाबाईंच्या मागून कढईचा आवाज येत होता आणि एक पुरुषी आवाज कुणाला तरी विचारत होता, मीठ कुठे ठेवलंय.

“सांगेन गो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण आता नको. इतक्या वर्षांनी आलाय. बसू दे थोडा.”